बक्षीस कुणाचं? मुलाचं की आईचं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की प्राथमिक शाळांत एकच धांदल उडते. आज हस्तकलेचं प्रदर्शन, उद्या वेशभूषा, परवा वक्तृत्व. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, पाठोपाठ स्नेहसंमेलन, २६ जानेवारीची कवायत, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला विज्ञान दिन. या सगळ्याच्या मधून शिष्यवृत्तीचे जादा तास चालूच असतात. मुलांना यात मजा वाटते, वाटायलाच हवी. पण खरी धावपळ होते ती घरातल्या बाईची. संध्याकाळी सातला चिरंजीव सांगतात, "आई, बाईंनी उद्या पाणचक्की आणायला सांगितलीय!" आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत आपण पुठ्ठा शोधायला माळ्यावर चढलेल्या असतो.

घर सांभाळून मी सकाळच्या सत्रात एका मराठी प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे ही धांदल मला दोन्हीकडून दिसते. घरी मी आई असते आणि शाळेत ज्यांच्या नावानं तुम्ही बोटं मोडता त्या 'बाई'ही मीच असते! म्हणूनच गेल्या महिन्यात एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं, तेव्हा ते बाजूला काढून ठेवलं. ती लिहिते, "माझा मुलगा दुसरीत आहे. त्यानं स्वतः केलेली वस्तू शाळेत नेली तर ती मागच्या बाकावर राहते. मी रात्री जागून करून दिली की पहिला नंबर येतो. मी करू नये हे मलाही कळतं. पण मग माझ्याच मुलानं का मागं राहायचं? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

प्रश्न अगदी खरा आहे. "मुलांना स्वावलंबी करा" असं एका ओळीचं उत्तर देऊन तो सुटणार नाही. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

एका प्रदर्शनाची गोष्ट

तीन वर्षांपूर्वी आमच्या तिसरीच्या वर्गाचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं. वर्गात मुलं अडतीस. टेबलं जोडून त्यावर चादरी अंथरल्या आणि वस्तू मांडल्या. मधोमध एक किल्ला होता. सुबक तटबंदी, रंगवलेले बुरूज, आत लुकलुकणारे दिवे. येणारा प्रत्येक जण तिथेच थांबत होता. टेबलाच्या कडेला ज्वारीच्या ताटाची एक बैलगाडी होती. एक चाक जरासं वाकडं, बैल मातीचे आणि त्यातल्या एकाचं शिंग मोडलेलं.

किल्ल्याच्या मालकाला मी सहज विचारलं, "यातला महादरवाजा कुठला रे?" तो बिचारा इकडेतिकडे बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "बाई, ते मामाला माहीत आहे." बैलगाडीवालीला विचारलं, तर तिनं मला जू दाखवलं, शिवळा दाखवल्या, आख कुठून कुठे जातो ते दाखवलं. चाकाला लोखंडी धाव का लागते आणि ती तापवून कशी चढवतात तेही सांगितलं. तिचे वडील गळीत हंगामात कारखान्याला ऊस वाहतात. गाडी तिच्या घरचीच, दारात उभी असलेली. तिनं ती बघून बघून केली होती. आणि चाक वाकडं का, तर तिसरं ताट मोडल्यावर चौथं मिळालंच नाही!

परीक्षक म्हणून आलेल्या पाहुण्यांना घाई होती. टेबलाभोवती एक चक्कर मारून त्यांनी नंबर दिले. पहिला नंबर किल्ल्याला. मुलीला बक्षीस मिळालं नाही म्हणून ती रडली वगैरे नाही. गाडी पिशवीत ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "बाई, मला कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आणि मला वाईट वाटलं ते एकट्या तिच्याबद्दल नाही. तो किल्लेवाला मुलगाही त्या दिवशी काहीतरी शिकूनच घरी गेला. आपल्या हातचं चालत नाही, मोठ्यांच्या हातचं चालतं, हे तो शिकला. आठ वर्षांच्या वयात हा धडा एकदा मनात बसला की पुढे चित्र काढताना, गणित सोडवताना, चार लोकांत बोलताना ते मूल आधी आपल्या तोंडाकडे बघतं. मग आपणच तक्रार करतो, "याला स्वतःहून काही करायलाच नको!"

आता त्या मुलीचा विचार करा. तिची आई पहाटे चारला उठून कामाला जाते. तिनं रात्री जागून किल्ला करून द्यायचा म्हटलं तरी ते जमणार नाही. म्हणजे स्पर्धा मुलांची आहे असं आपण म्हणायचं आणि मोजायचा मात्र आईचा रिकामा वेळ, मामाची हौस आणि वडिलांचा खिसा. वर्गातल्या निम्म्या मुलांचा नंबर मग घरातून निघतानाच गेलेला असतो.

उपक्रम कशासाठी असतात?

आपल्या वेळी तिमाही, सहामाही, वार्षिक परीक्षा असायची आणि प्रगतिपुस्तकावर 'वर्गातील क्रमांक' असा रकाना. पहिल्या तिनात आलं की पेढे, नाहीतर घरात शुकशुकाट! शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. नाव मोठं असलं तरी अर्थ सोपा आहे. मुलाला वर्षातून दोन-तीनदाच तपासण्यापेक्षा वर्षभर बघायचं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण वर्षभराच्या कामाला आणि ३० लेखी-तोंडी परीक्षेला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. असा भार तेव्हा ठरवून दिला गेला.

या वर्षभराच्या कामात काय काय धरलं होतं? शिक्षकांचं रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. म्हणजे मूल कातरी कशी धरतं, चुकलं तर पुन्हा करतं का, शेजाऱ्याला रंग देतं का, बी पेरल्यावर रोज जाऊन बघतं का, हे बाईंनी बघायचं. वस्तू दिसते कशी याला त्यात फारच थोडी जागा आहे.

आता तुम्हीच सांगा, प्रकल्प आपण केला तर बाईंनी काय बघायचं? आईचं अक्षर? स्टेशनरीच्या दुकानात तर हल्ली तयार तक्ते आणि तयार प्रकल्पही मिळतात. पैसे टाकले की काम झालं. पण सत्तर गुणांची ती सगळी सोय ज्याच्यासाठी केली, ते मूलच त्यातून निसटून जातं.

पाठ केलेलं भाषण

वक्तृत्वाचंही तेच. जानेवारीत प्रत्येक शाळेत सावित्रीबाईंवर भाषणं होतात. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणून सुरुवात होते आणि इवलीशी पोर अवघड शब्दांची अख्खी माळ एका श्वासात म्हणून टाकते. मध्ये एक शब्द अडला की सगळी गाडीच थांबते. डोळे भरून येतात. समोरच्या खुर्चीवरून आई ओठ हलवून सांगत असते.

पण ज्या सावित्रीबाईंबद्दल ही भाषणं होतात, त्यांच्या शाळेतल्या मुली काय करत होत्या ते बघा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली हे आपल्याला माहीत असतं. त्यांच्या शाळेत पुढे मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली एक मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची असताना तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आज पावणेदोनशे वर्षांच्या घरात काळ गेला, तरी मराठीतल्या स्त्रियांच्या लेखनाबद्दल कुणी बोलायला लागलं की त्या मुलीचं नाव निघतंच. तिनं पाहिलेलं, सोसलेलं तिनंच लिहिलं म्हणून ते टिकलं. एखाद्या शाळकरी मुलीचं यश म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

आपल्या पहिली-दुसरीतल्या पोरीनं निबंध लिहावा असं मी म्हणत नाही. पण दोन मिनिटांचं भाषण तिच्या शब्दांत व्हायला काय हरकत आहे? एक साधी युक्ती सांगते. सावित्रीबाईंची गोष्ट तिला रात्री झोपताना सांगा. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता तिलाच विचारा, "तुला यातलं काय आवडलं? कशाचा राग आला? तू तिथे असतीस तर काय केलं असतंस?" ती जे बोलेल ते तसंच कागदावर उतरवा. पंधरा-सोळा छोटी वाक्यं झाली की दोन मिनिटांचं भाषण तयार! आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "त्यांच्यावर लोक शेण टाकायचे, म्हणून त्या दुसरी साडी पिशवीतून न्यायच्या. माझी आई पण कामाला जाताना दुसरी साडी नेते." सगळा वर्ग गप्प झाला होता. असलं वाक्य कुठल्या भाषणांच्या पुस्तकात मिळणार आहे?

वेशभूषा आणि भाड्याचे कपडे

स्नेहसंमेलन आणि वेशभूषा स्पर्धा म्हणजे खिशाला खड्डा. भाड्यानं कपडे आणायचे, त्याला अनामत ठेवायची, मापाचे नसले तर टाचण्या लावायच्या आणि परत करताना डाग पडला म्हणून दुकानदाराशी वाद घालायचा. एवढं करून मूल त्या जरीच्या अंगरख्यात घामेजून रडायला लागतं, ते निराळंच.

घरातल्या कपड्यांतून काय होतं ते आधी बघावं. आईच्या जुन्या काठाच्या साडीचे दोन तुकडे केले की छोटं नऊवारी होतं. आजोबांचा टॉवेल आणि टोपी, बाबांचा सदरा गुडघ्यापर्यंत, की शेतकरी झाला. पोस्टमनला खांद्याला एक झोळी आणि हातात जुनी पाकिटं पुरतात. भाजीवालीला ओढणीचा पदर आणि डोक्यावर टोपली. पण महत्त्वाचं म्हणजे कोण व्हायचं ते मुलाला ठरवू द्या. एका वर्षी एक मुलगा कंडक्टर होऊन आला. गळ्यात चामडी पिशवी, हातात जुन्या तिकिटांचा गठ्ठा. "पुढं चला, पुढं चला, मागची सीट रिकामी आहे!" असं म्हणत तो मंचावर असा काही फिरला की मुलं हसून हसून लोळली. त्याचा खर्च शून्य रुपये.

शिष्यवृत्तीचं ओझं

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की घराघरांत आवाज चढतो. पूर्वी ही परीक्षा चौथीला होती, २०१६-१७ पासून पाचवीला नेली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथीला आणायचा निर्णय झाला. वर्ग बदलला तरी आयांच्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्याच! परीक्षेचे पेपर दोन असतात. एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात दुसरी एक भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपराला ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास.

नऊ-दहा वर्षांच्या मुलानं दीड तास एका जागी बसून पंचाहत्तर प्रश्न वाचायचे, चारांतला एक पर्याय निवडायचा आणि गोल नीट काळा करायचा, हे काय कमी झालं? दोन्ही पेपरांत प्रत्येकी चाळीस टक्के गुण मिळाले की मूल 'पात्र' ठरतं. गुणवत्ता यादीत येऊन शिष्यवृत्ती मिळते ती त्यांतल्या थोड्यांनाच. पण आपण पात्र ठरलेल्या लेकराला विचारतो, "यादीत का नाही आलास?" शेजारचा आला, आतेभाऊ आला, तू का नाही. असं म्हणू नये, मैत्रिणींनो. त्यानं केलेल्या कष्टांचं आधी कौतुक करा, मग पेपर पुढ्यात घेऊन कुठं चुकलं ते बघा.

आणि रोज तीन-तीन तास सराव संच सोडवून घेऊ नका. अर्धा-पाऊण तास पुरे. बुद्धिमत्तेचे कितीतरी प्रश्न घरात बोलता बोलता होतात. "आज बुधवार, तर दहा दिवसांनी कोणता वार?" हे भाजी निवडताना विचारता येतं. दुधाचा महिन्याचा हिशोब मुलाकडे द्या. घड्याळ आरशात दाखवून किती वाजले ते ओळखायला सांगा. मूल खेळायला मैदानावर गेलं नाही तर पेपरात डोकंही चालत नाही, हे मी वर्गात रोज बघते.

फलकावर न लागणारी नावं

शाळेच्या दारात गुणगौरवाचा फलक असतो. त्यावर शिष्यवृत्तीधारक, वक्तृत्वातले पहिले, धावण्यातले दुसरे अशी नावं असतात. ती असावीतच. पण वर्गात उभी राहिले की मला कितीतरी न लिहिलेली नावं दिसतात.

जूनमध्ये अक्षर ओळखत नव्हता आणि जानेवारीत एसटीवरची पाटी वाचून गाव सांगायला लागला, असा एक आहे. धाकट्या भावाचं नाक पुसून, त्याला बालवाडीत सोडून रोज वेळेवर येणारी एक आहे. खिचडी वाढताना शेवटच्या ताटापर्यंत पुरेल असा अंदाज घेऊन डाव उचलणारा एक आहे. तोतरं बोलतो म्हणून वर्षभर गप्प बसलेला आणि खो-खोच्या दिवशी "खो!" असा खणखणीत ओरडलेला एक आहे. शाळेच्या परसबागेतल्या मेथीला सुट्टीच्या दिवशीही पाणी घालून जाणारी एक आहे. तिची मेथी महिन्याभरात काढणीला आली आणि सगळ्यांच्या आमटीत पडली. यांतल्या कुणाला ढाल मिळाली नाही. पण यश यालाच म्हणायचं ना?

हे काही मी नव्यानं सांगत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांत रमल्या, तेव्हा खडे, शिंपले, पानं, बिया हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य होतं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. मुलानं स्वतः करून, अनुभव घेऊन शिकावं हाच तिथला आग्रह. म्हणजे हा रस्ता आपल्याच बायकांनी घालून दिलेला आहे.

हात कुठे लावायचा आणि कुठे नाही

आता पत्रलेखिकेच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मदत अजिबात करू नका असं मी म्हणणार नाही. आई आहोत आपण! पण मदतीला एक सीमा असावी. सामान आपण जमवावं, करणं मुलाचं. धोका असेल तिथे हात आपला, बाकी सगळीकडे त्याचा.

पहिली-दुसरीच्या मुलाला कागद फाडणं, चिकटवणं, मणी ओवणं, ठसे उमटवणं, मातीचं काहीतरी वळणं हे सहज जमतं. भेंडीचा, बटाट्याचा ठसा करायला भाजी आपण चिरून द्यावी, ठसे त्यानं मारावेत. तिसरी-चौथीत बोथट टोकाच्या कातरीनं कापणं, घड्या घालणं, मोठ्या सुईनं धावदोरा, बी पेरणं हे सगळं येतं. त्यापेक्षा अवघड काही शाळेनं सांगितलं असेल, तर ते शाळेचं चुकलं असं समजा आणि बाईंना तसं सांगा.

बाजारचा गोंद आणण्याऐवजी घरी खळ करता येते. दोन चमचे मैदा आधी वाटीभर गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पूर्वी खळ टिकावी म्हणून मोरचूद घालत, तो विषारी असतो, मुलांच्या खळीत मुळीच नको. एक-दोन दिवसांत संपवायची आणि उरली तर टाकून द्यायची. सजावटीला थर्माकोल आणू नका. आपल्या राज्यात २०१८ पासून त्याला बंदी आहे. काड्यापेट्या, चिंचोके, करवंट्या, लग्नपत्रिका यांतून हवं ते होतं.

विज्ञान दिनासाठी एक सोपा प्रयोग सांगते. हळद पाण्यात कालवून त्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की पिवळ्याचा लालसर होतो. लिंबाचा थेंब टाकला तर पिवळा तसाच राहतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्यांवर गरम पाणी आपण ओतून द्यावं. त्या रंगात लिंबू पिळलं की तो गुलाबी-लाल होतो आणि खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. आमटीचा डाग साबणानं लाल का होतो हे कोडं मुलाला घरातच सुटतं आणि चारचौघांत सांगताना त्याचं अडत नाही.

वस्तू तयार झाल्यावर तिच्या मागे मुलाच्या अक्षरात दोन ओळी लिहून घ्या, "मी हे असं केलं." आणि वाकडं चाक सरळ करायचा मोह झाला, तर हात मागे बांधून घ्या!

शाळेला काय सांगायचं?

तुम्ही म्हणाल, एकट्यानं असं करून काय होणार? बाकीच्या आया किल्ले आणणारच. खरं आहे. म्हणून हे शाळेतही बोलायला हवं. शिक्षणहक्काच्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद महिला. मग आपण तिथे नुसत्या सह्या करून का यायचं?

बैलगाडीच्या त्या प्रसंगानंतर आमच्या शाळेत आम्ही दोघी-तिघींनी हा विषय काढला. आता प्रदर्शनाच्या वस्तू घरून आणायच्याच नाहीत. सामान शाळेत ठेवायचं, दोन तासिका द्यायच्या आणि मुलांनी तिथेच बसून करायचं. परीक्षकांनी नंबर देण्याआधी प्रत्येक मुलाला तीन प्रश्न विचारायचे: काय केलंस, कसं केलंस, कुठं अडलं? पहिल्या वर्षी कुरकुर झाली. टेबलं फिकी दिसतात, पाहुण्यांना काय दाखवायचं, असं काही पालक म्हणाले. खळ जमिनीवर सांडली, आवाज तर विचारू नका. पण त्या दिवशी प्रत्येक मूल आपल्या वस्तूशेजारी उभं राहून बोलत होतं. कुणालाही "मामाला माहीत आहे" असं म्हणावं लागलं नाही.

आणि एक मनातली गोष्ट. रात्री जागून किल्ला करणाऱ्या आईला मी नावं ठेवत नाही. तिच्या हातात कला असते. कधी शाळेत असताना तिचंही चित्र फलकावर लागलेलं असतं. लग्नानंतर ते सगळं बासनात गेलं. मुलाच्या प्रकल्पाच्या निमित्तानं ती चार तास पुन्हा रंगांत बसते. पण मग ते तिच्याच नावानं मांडलं जावं ना! संक्रांतीला बऱ्याच शाळा मातांसाठी हळदीकुंकू करतात. त्याच दिवशी 'मातांच्या हातचं' असं एक टेबल मांडा. भरतकाम, रांगोळी, कविता, किल्ला, जे असेल ते. खाली आईचं स्वतःचं नाव. आमच्याकडे दोन वर्षं हे होतंय, आणि आईचं नाव वाचून सगळ्यांत जास्त हरखतात ती मुलंच.

तेव्हा पत्र पाठवणाऱ्या माझ्या मैत्रिणी, तुझ्या लेकाला त्याच्या हातचं घेऊनच पाठव. मागच्या बाकावर राहिलं तर राहू दे. घरी आल्यावर ते दर्शनी फळीवर मांड आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याच तोंडून त्याची गोष्ट ऐकव. आणि पुढच्या पालकसभेला दोन मैत्रिणी बरोबर घेऊन जा. बाईंना सांग, की मुलांना एकदा विचारून बघा. आमच्यासारख्या बायांनाही कुणीतरी हे सांगायला हवं असतं.

तुमच्या शाळेत असं काही वेगळं होत असेल तर जरूर कळवा. पुढच्या खेपेला परीक्षेच्या दिवसांतल्या मधल्या सुट्टीच्या डब्याविषयी बोलू.